कमानीखालचं पोतं

कमानीखाली पोतं अंथरून धरमसिंगनं मांडी घातली, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि वर न बघता म्हटलं, "चाल बादल. डावी पाचर आधी."

बादलनं एक घाव घालून लाकडी आधाराखालची पाचर सैल केली आणि हातोडा पुन्हा उचलला. लेकाला, ओमला, कडेवर घेऊन उज्ज्वला समोर उभी होती. खाली सासरा, वर नवऱ्याचा हातोडा, आणि मधल्या सांध्यांत तिचा चुना.

धरमसिंगची ही चाळीस वर्षांची रीत. आपण बांधलेल्या कमानीचा लाकडी आधार निघताना आपणच तिच्याखाली बसायचं. मग ते देऊळ असो, पूल असो, नाहीतर हे मिशनच्या काळातलं काळ्या दगडाचं चर्च. त्याच्या दारावरच्या कमानीत पिंपळ उगवला आणि मुळांनी सांधे उकलले. धरमसिंगनं दगडांवर खडूनं आकडे घातले, एकेक उतरवला, एकेक परत जागेवर बसवला. शंभर वर्षांच्या भिंतीला सिमेंट चालत नाही म्हणून चुना, आणि चुना सुनेच्या हाती. कळीचा चुना आठ दिवस टाक्यातल्या पाण्यात मुरवायचा, गाळायचा, मग वाळू, गूळ, बेलफळाचं पाणी घालून मळायचा. उज्ज्वलाचा हात त्यात असा बसला होता की सासरा तिच्या घमेल्यात बोटही घालून बघत नसे.

तिथंच घात झाला. ओमला ताप चढला तेव्हा ती तीन दिवस आर्णीच्या दवाखान्यात होती. परतली तर मुरलेला चुना संपलेला. टाक्यात होता तो चौथ्या दिवसाचा. "आठ झाले ना व पोरी?" परांचीवरून सासऱ्यानं विचारलं, आणि डोळ्यांवर झोप असलेली ती "हो मामाजी" म्हणून गेली. त्याच चुन्यानं डावे सांधे भरले गेले.

"मामाजी, उठा," ती पुढं होऊन म्हणाली.

"कायले?"

"डाव्या बाजूचा चुना कच्चा हाय. चारच दिवसांचा होता. मी खोटं बोलली."

बादलचा हातोडा हवेतच थांबला. ठेकेदार घनश्याम तावातावानं पुढं आला. "आता सांगून राह्यली? रविवारी ईस्टर हाय! मंडळी काय उन्हात बसन?"

धरमसिंग उठून परांचीवर चढला. डाव्या सांध्यात त्यानं नख रुतवलं. नख आत गेलं. बोटाला पांढरे, बारीक खडे लागले. न विझलेली कळी. पहिल्या पावसाळ्यात ती फुगली असती आणि दगड सुटले असते. कदाचित त्याच्या आधीच, आत्ता.

"पाचर परत घट्ट कर," तो बादलला म्हणाला. सोडायला घेतलेली पाचर त्यानं आयुष्यात कधी परत ठोकून घेतली नव्हती.

"म्हातारा झाला तू धरमसिंग," घनश्याम म्हणाला. "माहे पोरं लावतो. सिमेंट भरून उद्या काम खतम."

"घमेलं मी पाह्यलं नाही. चूक माही हाय. पण सिमेंट नाही. पाच दगड उतरवतो. नवा चुना मुरून सुकेपर्यंत सव्वा महिना लागन."

"मामाजी, चूक त..."

"तू गप."

सगळे चर्चच्या रवी पाळकांकडे बघू लागले. पाळकांनी कमानीकडे पाहिलं, मग आवारातल्या कडुलिंबाकडे. "ईस्टरच्या दिवशी प्रभूच कबरीतून बाहेर आलता," ते म्हणाले. "आपण बाहेर बसलो त काय बिघडलं?"

ईस्टरची उपासना लिंबाखाली झाली.

नवं काम सुरू झालं तसा धरमसिंग तिच्या प्रत्येक घमेल्यात बोट घालून, अंगठ्यानं चुना चोळून बघू लागला. त्यानं बोट घातलं की उज्ज्वला दुसरीकडे बघायची.

सव्वा महिन्यानं धरमसिंगनं सांध्यासांध्यात नख रुतवून पाहिलं. नख वाकलं, सांधा हलला नाही. त्यानं खाली उतरून पोतं अंथरलं. तो बसणार, तोच उज्ज्वलानं ओमला त्याच्या हातात दिलं आणि स्वतः पोत्यावर बसली.

"उठ."

"चुना माहा हाय, मामाजी."

परांचीवर बादलच्या कपाळावर घाम आला होता. बापानं नाही म्हणावं म्हणून तो बघत राहिला. धरमसिंगनं वरच्या सांध्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे. ओमला खांद्याशी नीट घेतलं.

"डावी आधी," तो म्हणाला, आणि बाहेर लिंबापर्यंत चालत गेला.

घाव पडले. आधार बोटभर खाली आला. दगडावर दगड कुरकुरला. उज्ज्वलानं डोळे मिटले नाहीत. वरून चिमूटभर भुकटी तिच्या केसांवर पडली, आणि मग काहीच पडलं नाही.

लिंबाखाली धरमसिंग कमानीकडे पाठ करून उभा होता. तो ओमला बोटानं फांदीला टांगलेली चर्चची घंटा दाखवत होता.