ऐंशी पानांत बसवायचं

मास्तरांचा सगळा जन्म लोकांना मोटार शिकवण्यात गेला. शेजारच्या सीटवर बसायचं, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि म्हणत राहायचं, "डावीकडे घ्या, अजून थोडं, बास." आता त्यांच्या हातात माउस होता आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको.

"डावीकडे घ्या. अजून थोडं. अहो, बास म्हटलं ना!"

बायको बालवाडीत शिकवून निवृत्त झाली होती. त्यानंतर सहा वर्षं तिने कॉम्प्युटरवर घरच्या फोटोंची पानं सजवली. फोटोच्या कोपऱ्यात चित्रातली बटणं, रिबिनी, कागदी फुलं आणि खाली तिच्या खास शब्दांत दोन ओळी. मग कंपवाताने गाठलं. हात असा थरथरू लागला की पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा धावायचा. "हे सगळं मशीनच्या पोटात राहायला नको. पुस्तक छापून माझ्या मांडीवर ठेवा," एवढंच तिने मागितलं आणि मास्तर हो म्हणाले. म्हणायला काय जातं?

सकाळी तिला उठवणं, आंघोळ, वेणी, ब्लाउजची हुकं, चार वेळच्या गोळ्या, मध्ये स्वयंपाक. हे उरकून अकराला ते कॉम्प्युटरसमोर बसत तेव्हा पापण्या जड झालेल्या असत. कधी कधी एखादा फोटो सरकवता सरकवता डुलकी लागे आणि एखाद्या आजीचं डोकं कुणाच्या तरी बारशातल्या पाळण्यात जाऊन पडे.

छापणाऱ्या दुकानातल्या मुलीने फोनवर नियम सांगितले होते. ऐंशीच्या वर पानं बांधणीत बसत नाहीत. चारही कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा चेहरे आणि अक्षरं आत घ्यायची. मधल्या घडीत काही ठेवलं तर ते गिळलं जातं. आणि ज्या पानावर लाल त्रिकोण दिसेल, तिथला फोटो लहान आहे, छापल्यावर धूसर येणार.

पानं होती अठ्ठ्याऐंशी. एकेका पानावरचे चेहरे आत घेता घेता तीन आठवडे गेले.

"इथे तुमचं डोकं कापलं जातंय," बायको म्हणाली.

"जाऊ दे. आत कुठे काय आहे?"

ती हसली, मग तिला ठसका लागला, मग पाणी, मग पाठीवरून हात. अर्धा तास त्यातच गेला.

शेवटी ती आठ पानं आली. धाकट्या भावाच्या घरची. आठही पानांवर लाल त्रिकोण. फोटो धाकट्याच्या कॅमेऱ्यातले, पण पूर्वी, आई असताना, इकडे फोनवरून आलेले, आकसलेले.

"ही काढू," मास्तर म्हणाले. "आठ गेली की ऐंशी राहतात. सुटलो."

"त्यांत आई आहेत."

"आहे, पण धूसर."

"धूसर झाल्या म्हणून सासूबाईंना घराबाहेर काढायचं? मूळ फोटो मागा भाऊजींकडून."

मास्तर उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभे राहिले. भावाशी बोलून नऊ वर्षं झाली होती. आई शेवटची चार वर्षं धाकट्याकडे अंथरुणावर होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, काही कारण नसताना, धाकटा भरल्या घरात म्हणाला होता, "तू तिला बघायला यायचास, दादा. सांभाळायला नाही." मास्तर तिथून उठले ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. शब्द खोटा असता तर ते केव्हाच विसरले असते.

दोन दिवस त्यांनी काढले. तिसऱ्या दिवशी बायकोची वेणी घालताना त्यांचे हात दुखून आले, बोटं वळेनात. ते तिच्या मागेच पलंगावर टेकले. चार वर्षं, त्यांच्या मनात आलं. आपल्याला तर अजून दीडच झालंय.

त्यांनी फोन लावला.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"दादा."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. "वहिनी बरी आहे ना?" धाकट्याने घाईने विचारलं.

"आहे. म्हणजे कंपवात आहे. मी करतो तिचं. आईचे फोटो हवे होते, मोठे. पुस्तक छापतोय. आणि... तू तेव्हा म्हणालास ते बरोबर होतं. आता कळतं."

पलीकडे कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. मग धाकटा म्हणाला, "कॅमेरा बिघडला, त्यातलं बरंचसं गेलं. शोधतो."

सापडले ते सहा. बाकीचे पंधरा गेले ते गेलेच. पण त्या सहांत आई इतकी स्पष्ट होती की तिच्या चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोराही दिसत होता. बायकोने आठ पानांची तीन करायला लावली. सहा फोटो मोठे ठेवले आणि धूसर त्यांच्याभोवती नखाएवढे, म्हणजे त्रिकोण येत नाही. तरीही तीन पानं जास्त होत होती, म्हणून तिने आपल्या निरोप समारंभाची तीन पानं काढायला सांगितली.

"अगं, ती तुझी आहेत!"

"भाषणंच आहेत सगळी. काढा."

पुस्तक आलं ते जरा गडद छापलेलं. एका पानावर रिबीन घडीत गेली होती, आणि 'वाढदिवस' शब्दाचा काना राहून 'वढदिवस' झालं होतं. ऐंशी पानं तीन वेळा तपासून दोघांनाही ते दिसलं नव्हतं. बायको हळहळली. मास्तरांना हळहळायचीही शक्ती नव्हती.

रविवारी धाकटा आला. तीन जिने चढून धापा टाकत दारात उभा राहिला. केस पार गेले होते. मास्तर दार धरून उभेच राहिले, तेव्हा बायकोनेच "भाऊजी, आधी बसा" म्हणून सोडवलं. तिचा स्वेटर घालायचा होता, म्हणून मास्तर तिच्यापुढे वाकले आणि नेहमीप्रमाणे कण्हले.

"वाकून नको," धाकटा म्हणाला. "स्टूल घे, समोर बस. आणि आधी जड हाताची बाही, मग दुसरी. कंबर जाईल तुझी. माझी गेली." त्याने स्वतःच स्टूल ओढलं आणि दोन मिनिटांत स्वेटर चढवला. वहिनीला वेदना झाल्याचं तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसलं नाही.

मग त्याने पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही. भावाकडे बघितलं.

"तू शेवटचा दुपारी झोपलास कधी?"

मास्तरांना आठवेना.

"जा. वहिनीला मी पानं उलटून देतो. आणि गुरुवारी गुरुवारी येत जाईन."

मास्तर आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. बाहेर 'वढदिवस' वाचून दोघं हसत होते. त्यांनी ऐकायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात त्यांचा डोळा लागला.