सोबतीला कोण

न्याहारीच्या बागेत मुवेद्देत सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मैत्रिणींना विचारायचं वाक्य तिने घरी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. मंगळवारी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. इस्पितळाचा नियम साधा: पाणी पाजायला, नर्सला हाक मारायला पेशंटजवळ आपलं माणूस रात्रंदिवस हवं. मुलगा कॅनडात, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. अर्जातली ‘सोबतीला कोण’ ही जागा कोरी राहिली होती, आणि तो अर्ज आता तिच्या पर्समध्ये होता.

चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांना तिने शिकवलं होतं, की काही हवं असेल तर हात वर करून सांगावं, लाजू नये. आता तिचीच जीभ उचलत नव्हती.

तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात तिच्याच शाळेत तिच्याबरोबर शिकवणाऱ्या दोघी आल्या. पेरिहान तिच्या वयाची. शादिये दोघींहून बारा वर्षांनी मोठी, म्हणून ती सगळ्या शाळेची आब्ला, थोरली ताई. महिन्यातल्या एका रविवारी तिघी इथे जमत.

चिनाराखालच्या लांब टेबलांवर ऑलिव्ह, पांढरं चीज, टोमॅटोतली अंडी, सिमित म्हणजे तीळ लावलेले गरम गोल पाव, सगळं मांडलेलं होतं. पण आपल्या हाताने वाढून घ्यायचं, म्हणजे तिघी एका जागी बसायच्याच नाहीत. मुवेद्देतने तोंड उघडलं की पेरिहान अंड्यांसाठी उठायची. परत आली ती बोलतच आली. तिची मुलगी येत्या मंगळवारी गावाला जाणार होती, आठवडाभर जुळी नातवंडं आजीच्या गळ्यात. ‘मंगळवार’ ऐकून मुवेद्देतने वाक्य गिळलं. मग ती आब्लांची बशी भरायला उठली, कारण आब्लांचे गुडघे कधीच कामातून गेले होते.

बशी घेऊन ती परतली, तर तिच्या स्वतःच्या बशीत सिमितवर साय आणि मधाचा डोंगर.

"खा," पेरिहान म्हणाली. "दर वेळी सगळ्यात आधी सायीवर तुटून पडतेस. आज रुसलीस का?"

मुवेद्देतने नको म्हटलं. पेरिहानने बशी पुढे सरकवली. पुन्हा नको म्हटलं, तेव्हा पेरिहानने तुकडा उचलून थेट तिच्या तोंडाशी नेला. या टेबलावर नकार कुणी ऐकून घेत नसे.

"डॉक्टरांनी बंद केलंय," शेवटी ती म्हणाली, आणि मग तारखेपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. फक्त ते एक वाक्य सोडून.

"सोबतीला कोण आहे?" पेरिहानने सवयीने विचारलं. विचारताच तिचा चेहरा उतरला. तिने तो तुकडा खाली ठेवला आणि पुटपुटत हिशेब मांडला: पोरांना शेजारणीकडे ठेवलं तर संध्याकाळी दोन तास, फार तर अडीच. तिचे डोळे भरून आले. मुवेद्देतलाच तिची समजूत घालावी लागली.

आब्ला चहा ढवळत होत्या.

"माझं नाव लिही," त्या म्हणाल्या.

"आब्ला, तुम्हाला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात."

"मग उठायचंच नाही. तुझ्या उशाशी बसून राहीन. घसा अजून शाबूत आहे, नर्सला हाक मारली तर अख्खा मजला जागा होईल."

पेरिहान हसली, हसताना रडली. मुवेद्देतला नाही म्हणायचं होतं. पण दुसरं कुणी नव्हतं, हे तिघींनाही ठाऊक होतं. तिने अर्ज काढून नाव लिहिलं. पुढे वयाचा रकाना होता. ‘शहात्तर’ लिहिताना पेन जरासं अडखळलं.

"आता मला हात धुवायला ने," आब्ला म्हणाल्या. "सगळी बोटं मधाने चिकट झालीत."

मुवेद्देत उठली. उजव्या बरगडीखाली कळ आली, ती दाबून तिने दोन्ही हात पुढे केले. आब्लांनी ते धरले आणि सगळा भार तिच्यावर टाकला.