नुसती बस

मॅडमनी हातावर मनुका ठेवली ती एकच. निमगाव केतकीवरनं यष्टीत अर्धा रस्ता उभं राहून मी बारामतीला यायचं, आणि मिळायचं काय, तर एक मनुका! वर ती लगेच खायची पण न्हाय. आधी बघायची, मग हुंगायची, मग जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचं. आमच्याकडं डाळिंबाच्या बागा हायत. आता फळ कसं खावं हे मला ही पोरगी शिकवणार. पण गरज माझी होती, म्हणून तोंड मिटून बसले.

गरज अशी, की मला जेवण जात न्हवतं. आमचे मालक जाऊन वरीस उलटलं. भूक लागायची, भाकरी बी थापायची, पण ताट घेऊन बसलं की घास तोंडात नुसता फिरायचा. मग मी बसायचंच सोडलं. ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन तुकडे मोडायचे, वर पाणी प्यायचं, झालं जेवण. एकदा बाजारात चक्कर येऊन पडले, तवा बारामतीची लेक, प्राची, धावत आली. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या. अंगात काही न्हाय म्हणाला, मनावर ताण हाय, ह्या ध्यानाच्या वर्गाला पाठवा. प्राचीनं तितंच मला बजावलं. दिवाळीपत्तूर तब्येत सुधारली न्हाय, तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडं यायचं. लेक गुणाची हाय, जावई बी भला हाय. पण तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू? हातपाय चालतात तवर मला माझं घर सोडायचं न्हाय.

म्हणून दर गुरुवारी यष्टी धरायची. श्रेया मॅडम आमच्या प्राचीपेक्षा बी लहान. बोलणं गोड, पण एकच पालुपद. नुसतं बसा, काही करू नका. विचार आला तर हाकलू नका, येऊ द्या, जाऊ द्या. माझ्या डोक्यात तिडीक जायची. उभ्या जन्मात मी कधी नुसती बसले न्हाय. बसले तरी मांडीवर निवडायला सूप असायचं. आणि जाऊ द्या म्हणं! जायचे ते गेलेच की बाई, मी कुठं धरून ठेवलेत?

तर त्या दिवशी मनुका जिभेवर होती आणि मॅडम हळूच म्हणाल्या, आता कानावर काय पडतंय ते बघा. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. आणि मला कळलं, माझा कान ह्यातलं काहीच ऐकत न्हाय. तो भलत्याच कशाची तरी वाट बघतोय. अडकित्त्याची.

आमच्यात आधी पुरुष माणूस जेवतं, मागनं बाई. हे जेवून उठायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसायचे, पाठ माझ्याकडं, हातात अडकित्ता. कट् कट् सुपारी कातरायचे. मी जेवायची आणि जेवता जेवता ह्यांना बोलायची. उंबऱ्यात बसू नये, किती वेळा सांगायचं, वाट आडवून बसताय. हे म्हणायचे, "तू जेव." एवढंच. माझं ताट मोरीत वाजलं की उठायचे आणि ओसरीत जाऊन आडवे व्हायचे. मला वाटायचं, सुपारीचा नाद हाय माणसाला. माझं जेवण होईपत्तूर हे बसून राहायचे, ही गोष्ट त्या मनुकेपाशी येईपत्तूर माझ्या ध्यानात आलं न्हाय.

मी रडले. चारचौघींत, वर्गात, मोठ्यानं रडले. लाज वाटली, राग बी आला, मॅडमचा आला, ह्यांचा तर लई आला. एकदा सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? मॅडम शेजारी येऊन बसल्या. माझं रडणं सरेपत्तूर हलल्या न्हायत. तेवढं मात्र बरं केलं पोरीनं.

घरी येऊन भाकरी थापली, वांग्याचं कालवण केलं. आज ताट घेऊन खालीच बसले. मॅडमनी सांगितलेलं सगळं केलं, टीव्ही बंद, मोबाईल लांब, श्वास सावकाश. घास मोडला आणि तो हातातच राहिला. समोर उंबरा मोकळा. एवढ्या मोठ्या घरात एक आवाज न्हाय. आता हे घर सुटलं, असंच मला वाटलं. ताट सरकवून मी मागल्या दारात जाऊन उभी राहिले.

भिंतीपलीकडं छबूबाई भांडी घासत होती. आमची शेजारीण, ती बी एकटीच. रोज ह्या वेळंला ती विचारते, जेवलीस का गं शकू? आणि मी रोज म्हणते, व्हय, जेवले. माझ्या घरात डोकावायची कुणाला सोय मी ठेवलेली न्हाय. दुखवट्याला आलेल्या बायकांना मीच म्हणाले होते, जावा आपापल्या घरी, मला काय झालं न्हाय. तेव्हापासनं सगळ्या लांबनंच विचारतात.

आज बी तिनं विचारलं. व्हय तोंडापत्तूर आलं होतं.

"न्हाय," मी म्हणाले. "जेवले न्हाय."

तिचा हात थांबला. अंग दुखतंय का, कालवण संपलंय का, माझ्याकडची आमटी देऊ का, तिनं एका दमात सगळं विचारलं.

"कालवण हाय, भाकरी हाय," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "जेवायला न्हाय बोलवत मी. तू नुसती बस. माझं जेवण होईपत्तूर."

ओले हात पदराला पुसत छबूबाई आली. मी पाट पुढं केला, तो तिनं बघितला बी न्हाय. गुडघे धरत धरत खाली बसली ती बरोबर उंबऱ्यात, वाट आडवून.

उंबऱ्यात बसू नये, हे माझ्या ओठावर आलं. मी घास तोंडात घातला.

कालवणात मीठच न्हवतं. किती दिवस न्हवतं, कुणास ठाऊक.