गिटारीसाठी बल्ब

प्रेमानंद रामटेके भिलाईच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं वेल्डर होता, आणि वेल्डरचा जगात एकच वैरी: ओल. रॉडला ओल लागली की जोडात फुगे धरतात, आणि असा जोड कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून कारखान्यात रॉड भट्टीत तापवून कोरडे ठेवतात. घरी भट्टी कुठली? घरच्या ओलीसाठी त्यानं लोखंडी कपाटात साठ वॉटचा बल्ब लावला होता. पावसाळ्यात पोरीचा शाळेचा ड्रेस त्यातच वाळायचा. त्याची बायको कांता हसायची, "या मानसाचं चाललं त मलेही बल्बापाशी टांगून ठेवन."

कांता गेली त्याला तीन वर्षं झाली. त्याच वर्षी पोरगी, आम्रपाली, घरातली आमू, बँकेच्या नोकरीवर बंगलोरला गेली. जाताना गिटार घरीच ठेवली. "बाबा, सांभाळजा," एवढंच म्हणाली. बस्स! त्या एका शब्दाचं प्रेमानंदानं काय करून ठेवलं म्हणता! ही गिटार त्यानंच नागपूरहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणली होती. जयंतीला विहारापुढं आमू वाजवायची आणि कांता गायची. वैशाली नगरच्या त्या घरात आता आमूचं म्हणून तेवढंच उरलं होतं. गिटार घरात आहे तोवर पोरगी येत राहील, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तीन वर्षांत ती दोनदाच आली, ते सोडा.

पहिल्याच पावसाळ्यात गिटारीच्या कव्हरवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. झालं! वेल्डर जागा झाला. कपाटातले कपडे बाहेर, गिटार आत, बल्ब चालू. नव्या बुटांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणून कव्हराची चेन बोटभर सरकवून आत कोंबल्या. मग पावसाळा संपला, थंडी संपली, आणि भिलाईचा उन्हाळा आला, ज्यात दुपारी नुसत्या हवेनं ओठ फाटतात. बल्ब चालूच! एक गेला की दुसरा लागायचा. कव्हर पुरतं मात्र त्यानं कधी उघडलं नाही. उघडलं असतं तर कांताचा आवाज आठवला असता, म्हणून.

यंदा एप्रिलच्या शेवटी आमूचा फोन आला.

"बाबा, बुद्ध पौर्णिमेले येऊन राहिली. या टाइम गिटार घेऊन जाईन. इकडं ऑफिसवालों का एक ग्रुप बना है."

"घेऊन जाय ना बाई. तुहीच त हाये," तो म्हणाला, आणि फोन ठेवून बराच वेळ पलंगावर तसाच बसला. गिटार गेल्यावर या घरात पोरीचं काय काम? बापाला भेटायला कोण दोन दिवसांची रेल्वे करतो आजकाल?

तरी उठला. पुसून तरी ठेवावी म्हणून कव्हर उघडलं. तारा जिथं खाली अडकवतात त्या पट्टीपासून थेट बुडापर्यंत लाकूड उभं फाटलं होतं. नख जाईल एवढी फट.

चिकटवायची ट्यूब हातात घेतली होती त्यानं, खोटं कशाला सांगू? पण जोड का उघडला ते कळल्याशिवाय त्यावर हात चालवायचा नाही, ही कारखान्याची सवय आडवी आली. ट्यूब खाली ठेवली आणि गिटार चादरीत गुंडाळून सुपेल्याच्या बाजारात बळीरामकडं गेला. बळीराम दुर्गच्या रेल्वेवाल्यांपैकी, बाप गार्ड होता. हा पेटी, तबले, गिटारी दुरुस्त करायचा.

"काय केलं तुमी इले?" बळीरामनं विचारलं.

"काही नाही. जपली." आणि प्रेमानंदानं मोठ्या अभिमानानं बल्बाची हकिकत सांगितली.

बळीरामनं कपाळावर हात मारला. "आरे भाऊ, हे लोखंड हाये का? लाकूड कापलं तरी हवेतलं पानी पेतच राहते. ते नाही भेटलं की आखडते. अन् आखडाले जागा कुठं हाये? कडेनं चिकटवलेलं, आतून पट्ट्या मारलेल्या. मंग काय करन बिचारं? फाटते!"

प्रेमानंदाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मंग आता?"

"पहिले पानी पाजा. साबनाच्या डबीले भोकं पाडा, आत ओला स्पंज ठेवा, पिळून, टपकला नाही पाहिजे. ते गिटारीसंग कव्हरात. फट आपोआप मिटत येईन, मंग मी आतून ठिगळं लावून चिकटवतो. अन् गिटार मानसं राहते त्या खोलीत ठेवा. सैपाक, आंघोळ, कूलर, मानसाचा श्वास, यानं घराची हवा ओली राहते. बंद घरात काय राहते, सांगा?"

बंद घरात काय राहतं ते प्रेमानंदाला चांगलं ठाऊक होतं.

कांता गेल्यापासून तो व्हरांड्यातच झोपायचा. तिच्या खोलीतला कूलर तीन उन्हाळे बंद होता. आता त्यानं जाळ्यांत नवं खसचं गवत भरलं, पाणी ओतलं, आणि गिटार पलंगावर ठेवून स्वतः खाली चटईवर पडला. चहा त्याच खोलीत, वरण-भातही तिथंच. तिसऱ्या दिवशी तो गिटारीशी बोलायला लागला. "काय म्हनते? तहान गेली का?" बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी. दिवसभरात दुसऱ्या कोणाशी बोललोच नाही हे तेव्हा लक्षात आलं.

तीन आठवड्यांत फट मिटली. बळीरामनं चिकटवलं. एक बारीक रेघ तेवढी राहिली. नेताना प्रेमानंदानं सहज विचारलं, "बंगलोरले गेल्यावरही स्पंज लागन का?"

"नाही जी. तिकडची हवा बरी हाये. तिले काही नाही लागत."

आमू आली, दीड दिवस राहिली. विहारात वंदना झाली, खीर झाली. संध्याकाळी तिनं कव्हर उघडलं आणि रेघेवर बोट फिरवलं.

"माह्या हातानं झालं, आमू," तो म्हणाला. "म्या बल्ब लावला. तीन वर्षं."

ती बघतच राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं गिटार मांडीवर घेतली आणि आईचं गाणं वाजवलं, नुसतंच, शब्दांशिवाय. मधे गायची जागा आली तिथं दोघंही गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी त्यानं खिशातून साबणाची डबी काढली. "हे कव्हरात ठेवजो. स्पंज सुकू देजो नोको. रोज हात लावून पाह्य, अन् मले फोनवर सांग. किती पानी टाकाचं ते मी सांगन." आयुष्यात तो पोरीशी खोटं असं हे एकदाच बोलला.

घरी येऊन त्यानं कपाटातला बल्ब काढला, कूलर बंद केला आणि पथारी पुन्हा व्हरांड्यात टाकली. आमूचा फोन रोज आला. "ओला आहे, बाबा." एवढंच, अर्ध्या मिनिटाचं. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी हा माणूस तास तास फोन हातात धरून बसायचा. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तारा बदलाले इथल्या दुकानात गेली होती. तो म्हणे, बंगलोरमध्ये स्पंज की जरूरतच नाही."

प्रेमानंदानं हळूच विचारलं, "मंग?"

"मंग काय? म्या म्हटलं, माझ्या बाबांना विचारून सांगतो."

मग आमूचा आवाज जरा ओला आला. "बाबा, स्पंज सुकला आहे. किती थेंब टाकू?"

"दहा," तो कसाबसा म्हणाला. "अन् उद्या हात लावून सांग मले."

"सांगतो ना. रोज सांगतो. तुमी जेवले का?"

"जेवतो आता," तो म्हणाला. फोन ठेवला, दोन बादल्या पाणी आणून कूलरमध्ये ओतलं आणि व्हरांड्यातली पथारी उचलून आत नेली.