तिसरा ग्लास

टक्. स्टीलचा ग्लास टेबलाच्या काचेवर टेकला आणि सकाळपासून घरात साचून राहिलेली शांतता तेवढ्याच जागी तडकली. हा दुसरा. लेकीच्या, ठकीच्या वेणीला रबर लावता लावता ती कान देऊन होती... पहिला ग्लास नऊ वीसला, दुसरा नऊ पंचवीसला, तिसरा साडेनऊला, मग तासभर लघवीला जायचं नाही, साडेदहाला मशीनवर. गेले दहा दिवस अप्पांचं पाणी ती असं आवाजावर मोजत होती, कारण समोर उभं राहून मोजावं तर ते म्हणायचे, "मी काय कुंडीतलं झाड आहे?" वडील असून मुलीच्या हाताखाली आल्याचा सगळा राग त्या एका वाक्यात. तिसऱ्या टक्‌च्या आधी आज बेसिनमध्ये काहीतरी ओतल्यासारखं झालं. ते तिनं ऐकलं. ऐकलं, आणि तेवढ्यात ठकीनं मान वळवली, रबर निसटलं, उशीर होत होता... ऐकलेलं तिनं तसंच राहू दिलं.

राहू देण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या रक्ताच्या रिपोर्टवर एका आकड्यापुढे चांदणी होती, तेव्हा ठकी दोन वर्षांची, तापाने फणफणलेली. "वयाचं असेल ते," अप्पा म्हणाले आणि तिनं कागद घडी घालून कपाटात ठेवला. आता डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात. ते प्रत्येकालाच असं म्हणत असावेत.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेटची अक्रोडाएवढी गाठ, तिच्या मागे लगेच आतडं, मधे जागा म्हणून नाहीच. किरण चहूबाजूंनी येणार आणि बरोबर त्या अक्रोडात एकमेकांना भेटणार. नेम चुकू नये म्हणून गाठीत सोन्याचे तीन कण बसवलेले, तांदळाच्या दाण्याहून बारीक, आणि कमरेवर गोंदलेले तीन ठिपके. मूत्राशय भरून फुगलं की ते वर सरकतं, आतड्यालाही बाजूला लोटतं, भाजायचं ते तेवढंच भाजतं. गाठीभोवती काही मिलिमीटर जागा मात्र जास्तीची धरायची. यावर अप्पा पहिल्यांदा खुलले होते. चाळीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवलेला माणूस. "म्हणजे शिवणीला सोडतात तशी माया सोडायची," ते म्हणाले. आणि मग, "सोनं बायकोच्या अंगावर कधी घातलं नाही हो, शेवटी घातलं ते कुठे बघा." डॉक्टर हसले. ती हसली नाही. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती, हा विनोद ते तेवढाच उशिरा सांगत होते.

दवाखान्याच्या तळघरातल्या बाकांवर आज अकरावा दिवस. वीसपैकी अकरावा. ठकीची शाळा बंद, नवरा कामावर, म्हणून ठकीही बरोबर. दादाचा फोन येऊन गेला होता. तो दूर देशात बसून वाचतो. "हे नवीन तंत्र नेमकं कोणतं ते विचारलंस का? मला नाव पाठव." ती म्हणाली होती, "तू वाच, मी धुते." तो म्हणाला, "चिडतेस कशाला?" खरं तर धुवायलाही तिला काही मिळत नव्हतं. अप्पा हल्ली आपल्या पँटी स्वतःच धुवायचे, पहाटे उठून, आणि दोरीवर चादरीच्या मागे वाळत घालायचे. तिला वाटलं होतं, चला, तेवढा एक भार कमी.

जाड दार उघडलं. मशीनवरची मुलगी बाहेर आली, तिच्या मागे अप्पा, पाठीकडून नाड्यांनी बांधलेला निळा झगा एका हाताने आवळून धरलेला.

"ताई, आजही भरलेलं नाही. या आठवड्यात तिसऱ्यांदा. फोटोत अर्धंच दिसतंय. असं दिलं तर आतड्याला लागेल, म्हणून मी दिलं नाही." मग हळूच, "बाकीचे झाले की शेवटी एकदा घेते आत. तेव्हाही नाही झालं तर आजचं रद्द. आणि असे दिवस पडत गेले तर उपयोग कमी होतो, डॉक्टर सांगतीलच."

"अप्पा, तीन प्यालात ना?"

ते ठकीकडे बघत म्हणाले, "दोन."

"का?"

"तिसऱ्याची जागा सोडली." आणि तिला अजून कळलं नाही असं पाहून, गिऱ्हाइकाला समजावतात तशा आवाजात, "अगं, बेतात कापलं की बसता-उठता उसवतं. थोडी माया सोडलेली बरी. तिथं चौथ्या दिवशी..." पुढचं त्यांनी गिळलं. मशीनवरची मुलगी खाली बघत होती. त्या दिवशी मशीनच्या टेबलावरची चादर त्या मुलीनंच बदलली असणार.

आणि हे सगळं दिसत असताना, कळत असताना, तिच्या स्वतःच्या तोंडून निघालं, "हे कापड नाही. लहान आहात का तुम्ही? रोज तेच तेच सांगायचं. तीन म्हणजे तीन. प्या आणि धरून ठेवा."

समोरच्या बाकावरचे दोन म्हातारे एकदम भिंतीवरची पाटी वाचायला लागले.

धरून ठेव... हा आवाज तिचा नव्हताच. दुकानात शिवणयंत्राच्या मागे, कात्रणांच्या ढिगावर ती सात वर्षांची, दुकानाला मोरी नाही, अप्पांच्या तोंडात टाचण्या, समोर कुणी साहेब पाय फाकवून मापाला उभा. "अप्पा, मला..." टाचण्यांमधून आलेलं "धरून ठेव." साहेबाची कंबर झाली, सीट झाली, लांबी झाली. मग तिच्या पायांवरून काहीतरी कोमट... आणि खाली कुणाची तरी तयार पँट. अप्पांनी मारलं नाही. नुसतं साहेबाकडे बघून हसले, "पोरीची जात, दम नाही." ते हसणं तिनं तीस वर्षं जपून ठेवलंय, जसं माणसं चांगलं काही जपतात. आणि आज फेडलं का मी? चारचौघांत, मापात, इंच न् इंच? फेडल्यावर हलकं वाटायला हवं होतं.

ठकी झाल्यापासून तिला स्वतःलाच शिंक आली की पाय जुळवून उभं राहावं लागतं. नवऱ्याला ठाऊक नाही. डॉक्टरणीला विचारीन म्हणत चार वर्षं गेली. एवढंच सांगायचं होतं खरं तर, "अप्पा, माझंही होतं." तीन शब्द. त्यांची पँट चादरीमागे, तिचीही चादरीमागे, एकाच दोरीवर... तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "आणखी एक आणू?"

त्यांनी मान डोलावली. तिनं आणलेला तिसरा ग्लास त्यांनी भिंतीकडे तोंड करून प्यायला, औषध पितात तसा नाही, शिक्षा भोगतात तसा, घोटाघोटाला थांबत. मग पाऊण तास गुडघे एकमेकांवर घट्ट दाबून बसले. हार्मोनच्या इंजेक्शनांमुळे त्यांना हल्ली मधेच घाम फुटतो. कपाळ भिजलं, निळा झगा पाठीवर चिकटला. तिनं रुमाल पुढे केला. तो त्यांनी घेतला आणि हातातच ठेवला. दम तर केवढा होता त्या माणसात, आणि कौतुक करायला तिच्याकडे एकही शब्द नव्हता. त्यांनी तिला शिकवलेलाच नव्हता.

"काका, या." ते उठले, एकेक पाऊल मोजून टाकत आत गेले. जाड दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला, आणि या वेळी तो तसाच पेटलेला राहिला, म्हणजे किरण सुरू झाले.

 ठकी मांडीवर येऊन बसली, आईची हनुवटी तिनं दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवली.

"आई, तू मला रागावलीस की मी आजोबांना सांगते."

"हं."

"मग आजोबांनी कुणाला सांगायचं?"