पाय घसरला नव्हता

"विकिपीडियावर माझ्या लेखाला हात लावायची कुणाची टाप नाही," असं मावशीला छातीठोकपणे सांगून मी चहा ठेवायला आत गेले. चहाला उकळी येईपर्यंत लेखाला चार ठिकाणी हात लागला होता.

लेख होता आमच्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर. लांबी, रुंदी, खोली सगळं टाकलं होतं मी, पण सगळा जीव एका वाक्यात होता: 'तलाव फक्त पुरुषांसाठी असताना तीन महिलांनी निषेध म्हणून अंगावरच्या कपड्यांसकट त्यात उडी मारली, पुढच्या मोसमापासून तो महिलांनाही खुला झाला.' तिघींतली एक माझी मावशी. शाळेत पी.टी.ची बाई होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण शिट्टी अजून गळ्यात असते.

त्या वाक्यापुढे आता 'संदर्भ हवा' अशी पाटी लागली होती. लावणाऱ्याचं विकीवरचं नाव 'कात्री'. आठवड्यात छापील पुरावा द्या, नाहीतर वाक्य काढतो, असं त्याने चर्चा पानावर बजावलं होतं.

"त्याला लिही, मी स्वतः तिथे होते," मावशी म्हणाली. "नखशिखांत भिजले होते म्हणावं!"

लिहिलं. कात्रीचं उत्तर आलं, 'भिजणे हा संदर्भ होत नाही.'

"लागून गेला टिकोजीराव! चल गं चिमे, वाचनालयात."

वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे माळ्यावर होते. ग्रंथपाल शिडी धरायला तयार होते, चढायला नव्हते. मी चढले, शिंकले, गठ्ठ्यासकट खाली आले, आणि खरंच बातमी सापडली! मथळा होता, 'तलावात तीन महिला'. मला कसला दम निघतोय? तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढला, कात्रीला पाठवला, वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, रकाना अशी साग्रसंगीत तळटीप लावली आणि खाली लिहिलं, 'घ्या!'

तोवर मावशीने चष्मा लावून बातमी वाचायला घेतली. आधी तिचे ओठ हलत होते, मग थांबले.

"काय झालं?"

"'...पाय घसरून पडल्या. सुदैवाने जीवितहानी नाही.'" मावशीचा आवाज चढत गेला. "पाय घसरून? अगं, शिट्टी वाजवून, एक-दोन-तीन म्हणून उडी मारली आम्ही! हा संपादक रोज सकाळी त्याच तलावात डुंबायचा, तो काय खरं छापतोय!"

"आवाज," ग्रंथपाल म्हणाले.

"आवाज अजून निघालाच नाहीये!"

मी घाईघाईने मोबाइल बघितला. कात्रीने आभार मानून वाक्य बदललं होतं. आता लेखात होतं: 'एकदा तीन महिला पाय घसरून तलावात पडल्या होत्या.' त्यापुढे माझी तळटीप, रकान्यासकट.

"वा!" मावशी म्हणाली. "काल निदान बिनपुराव्याची शूर होते. तू मला पुराव्यासकट वेंधळी केलंस."

मी म्हटलं, नवीन बातमी आली तर? कुणीतरी तुम्हा तिघींना विचारून जुनी हकीकत छापली, तर तो संदर्भ कात्रीला घ्यावाच लागेल.

"बातमी अशी फुकट येते होय? त्यासाठी काहीतरी घडावं लागतं." मावशीने उडीतल्या जुन्या जोडीदारणीला फोन लावला. "शिंपीणबाई? कपडे घाला. नाही, पोहायचे नाही, चांगले घाला. उडी मारायचीय."

रविवारी सकाळी तिघी तलावावर हजर. मी वर्तमानपत्राच्या बातमीदार बाईंना घेऊन आले होते. दारावरच्या माणसाने अडवलं, "टोपीशिवाय पाण्यात जाता येणार नाही."

"कपड्यांचं काही म्हणणं आहे?"

"कपड्यांबद्दल नियमात काही नाही. टोपी पाहिजे."

तिघींनी रबरी टोप्या चढवल्या. मावशीने शिट्टी तोंडात धरली. जीवरक्षक पलीकडून शिट्टी फुंकत धावत आला. मावशीची शिट्टी त्याच्यापेक्षा मोठी निघाली.

"आजी, मागे व्हा!"

"आजी कुणाला म्हणतोस रे? बातमीदारबाई, पाय नीट बघा! कोरडे आहेत! घसरत नाहीयेत!"

धप्प. मागोमाग शिंपीणबाई, आणि अर्धा तलाव बाहेर. तिसरी टायपिस्ट, तिचे गुडघे कामातून गेलेले. ती शिडीने एकेक पायरी उतरायला लागली. "मी उतरतेय, पण निषेध म्हणून उतरतेय," तिने बजावलं. "तसंच लिहा. शिडीचं नाव काढू नका."

जीवरक्षकाने त्यांना वाचवायला उडी मारली. त्याने टोपी घातली नव्हती म्हणून दारावरच्या माणसाने त्याला बाहेर काढलं.

मावशी पाण्यात उभी राहून मुलाखत देत होती. "तेव्हाही उडीच होती. पुन्हा कुणी घसरलो म्हणेल, तर पुन्हा मारू. दर रविवारी मारू. पाणी संपेल, आम्ही नाही संपणार!"

सोमवारी बातमी वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर आली. जुनी उडी, नवी उडी, निषेध, सगळं बिनचूक. शिडीचं नाव नव्हतं. मी तळटीप लावली. कात्रीने ती तपासली, मूळ वाक्य परत जागेवर ठेवलं आणि 'हरकत नाही' असा शेरा मारला. मावशीने ते वाक्य तीनदा मोठ्याने वाचायला लावलं.

गुरुवारी वर्तमानपत्राने वेबसाइट बदलली. आता तळटीपेवर बोट ठेवलं की केस दाट करायच्या तेलाची जाहिरात उघडते.