ठशाखालचा पक्षी

बाबांना पुरलं त्याच्या चौथ्या दिवशी मी पहिली बरणी मागायला गेले.

पुलापलीकडच्या गिरणीवाल्याकडे. त्याच्या बायकोनं माझे काळे कपडे पाहिले आणि मी तोंड उघडायच्या आत पाव आणि ताक पुढे ठेवलं. मी सांगितलं, माझ्या हातचा निळा पक्षी असलेली एक बरणी तुमच्याकडे आहे, ती बाबांची आठवण म्हणून मला हवी आहे. बदल्यात त्याच मापाची नवी आणली आहे. तिनं बरणीतलं पीठ परातीत उपसलं, बरणी पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. म्हणाली, बाप गेला की असंच होतं, तिनं तर वडलांचा पाइप अजून उशाशी ठेवला आहे.

त्यात पीठ होतं, म्हणजे कोरडं. पुलावर आल्यावर मी बरणी कठड्यावर टेकवली आणि श्वास सावरला. घरी आल्यावर कारखान्याच्या मागे नेऊन ती फोडली.

बाबांचं शेवटचं समजेल असं वाक्य होतं, "पक्षी परत आण, सबिना." नंतर दोन दिवस ते नुसते भिंतीकडे बघत होते. शेजारणींना वाटलं, भ्रमात बोलत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही.

बाबांची मनगटं नऊ वर्षं लोंबत होती. तांबड्या मातीची भांडी करायचे तेव्हा झिलईत शिसं असायचं. ते रोज हातांनी कालवायचे, त्याच हातांनी पाव मोडायचे. पोटशूळ उठला की जमिनीवर गुडघे छातीशी घेऊन पडायचे, आणि हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसायची. एकदा मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. शिशाच्या झिलईतलं आंबट अन्न हळूहळू विष होतं, असं त्यात एका वैद्यानं लिहिलं होतं. घरात वाचणारी मीच. बाबांनी तो मजकूर माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी तांबडी माती बंद. नवी मोठी भट्टी बांधली, लांबून गाडीनं राखाडी माती आणली आणि दगडासारख्या बरण्या करायला लागले. त्यांना शिसं लागत नाही. भट्टी पांढरी तापली की वरच्या भोकांतून मीठ टाकायचं, त्याची वाफच झिलई होऊन बसते. हातांत जोर नव्हता, तरी लाकडी ठसा तळव्यात धरून खांद्याच्या भारानं ते प्रत्येक बरणीवर नाव उठवायचे: क. हेल्विग. बाजारात सांगायचे, हा ठसा म्हणजे आत शिसं नाही. खोऱ्यातल्या बायका ते एकमेकींना सांगायच्या. ठशाखाली निळ्या रंगाची नक्षी मी काढायची, बहुतेक ओकचं पान.

पाच वर्षांपूर्वी, एकाच वर्षी मी पक्षी काढले. फांदीवर बसून मान मागे वळवलेला पक्षी.

त्या वर्षी शरदात तीन आठवडे पाऊस लागला आणि लाकडं आतून ओली राहिली. तिसऱ्या दिवशी आग मंदावली ती मंदावलीच. मीठ टाकलं, पण भट्टी तापायची तेवढी तापली नव्हती. बरण्या बाहेर आल्या तेव्हा वरून राखाडी, थोड्या चकचकीत. पक्ष्यांचा निळा मात्र राखेसारखा मळकट. बाबा प्रत्येक बरणी पाणी भरून रात्रभर फळीवर ठेवायचे. सकाळी फळ्या ओल्या होत्या. बरण्या पाझरत होत्या.

त्यांनी माळ्यावरचं जुनं पिंप खाली काढलं. त्यात तांबडं शिसं उरलं होतं. आतून एकच पातळ हात द्यायचा आणि जुन्या लहान भट्टीत पुन्हा भाजायच्या. मी बरण्या तिरक्या धरून फिरवल्या, त्यांनी ओतलं. मी विचारलं, "बाबा, वर ठसा आहे ना?" ते म्हणाले, एकदाच. पीठ, घेवडा, अंडी ठेवायला जातील, टोबायसला तसं सांग.

टोबायस हा आमचा फेरीवाला. तो घोडा जुंपत होता तेव्हा मी त्याला घाईघाईत सांगितलं की यात कोरडंच ठेवायला सांगा. का ते सांगितलं नाही. तो हो म्हणाला. हेल्विगचा ठसा बघून घेणाऱ्या बाईला काय ठेवायचं हे कोण सांगणार? त्या कुठं कुठं गेल्या ते थोडंफार त्यालाच ठाऊक होतं. किती होत्या ते कुणालाच नाही. बाबांनी त्या मोजल्याच नव्हत्या.

मी टोबायसच्या गाडीवरून सहा आठवडे हिंडले. गाडीत पेंढ्यात ओकच्या पानाच्या नव्या बरण्या, पुढे तो आणि मी. त्याला मी आठवणीचीच गोष्ट सांगितली होती. त्याचं तोंड बंद राहायचं नाही. "बाप भांडी करायचा, लेक पाखरं धरते," तो प्रत्येक दारात सांगायचा, "झाकून ठेवा बायांनो, उडून जायच्या आधी ही बाई आली." बायका हसायच्या, मग माझे काळे कपडे बघून बरणी आणून द्यायच्या. कुठे चुन्याच्या पाण्यात अंडी होती, कुठे साबण, एका ठिकाणी खिळे. ते बघून मला आनंद व्हायचा. कुठे आंबवलेला कोबी होता. तिथे मी घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघत बसायची. एका म्हातारीनं बरणी दिली नाही. हेल्विग गेला, आता त्याच्या हातचं पुन्हा होणार नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तिची तोंडभर स्तुती केली, तेव्हा दिली. मला खोटं बोलणं इतकं सहज जमेल असं वाटलं नव्हतं.

एकोणतीस मिळाल्या.

रोझिना क्लापचं घर टेकडीच्या पायथ्याशी, आमच्यापासून चालत जाण्याजोगं. आम्ही एका बाकावर बसून बाराखडी शिकलो. गेल्या हिवाळ्यात तिची थोरली मुलगी युली गेली. सहा वर्षांची. पोटात कळा यायच्या, मग झटके आले. डॉक्टर जंत म्हणाला. शवपेटीजवळ मी रात्रभर रोझिनाचा हात धरून बसले होते आणि तिच्या घरात पक्षी असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. टोबायसनं सांगितलं तेव्हा मला गाडीतून उतरावंसं वाटलं.

बरणी चुलीजवळच्या फळीवर होती. मोठी, चार गॅलनची. आत सफरचंदाचा आटवलेला गर. रोझिना दर वर्षी गराची मोठी कढई चढवायची.

मी ठरलेलं बोलून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, मग मान हलवली.

"ही नको मागूस. दुसरं काहीही ने. युली रोज त्या पक्ष्यावरून बोट फिरवायची. त्याला नावसुद्धा ठेवलं होतं तिनं."

मी म्हटलं, नव्या बरणीवर तस्साच पक्षी काढून देते.

"तो युलीनं हात लावलेला असेल का?" ती म्हणाली. मग जरा हसली. "आणि खरं सांगू? या बरणीत गर जेवढा गोड होतो तेवढा कशातच होत नाही. तुझ्या बापाच्या हाताला काहीतरी होतं बघ."

मला ते ठाऊक होतं. त्या वैद्यानं तेही लिहिलं होतं. शिसं आंबटात उतरलं की गोड लागतं.

तेवढ्यात धाकटी सालोमी आत आली. चार वर्षांची, मेणासारखी पांढरी. टोबायसच्या घोड्यानं तिच्या हातावर शिंक दिली होती आणि ती तोंड उघडून हसत होती. दुधाच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला मला ती बारीक निळसर रेघ दिसली.

तळघरात थंड राहील, मी ठेवून येते, असं म्हणत मी बरणी उचलली. दाराच्या दगडी पायरीवर गेले आणि हात सोडले.

रोझिना ओरडली नाही. खाली बसून तिनं आधी पक्ष्याचा तुकडा शोधला आणि पुसून खिशात टाकला. "कुंभाराची लेक," ती म्हणाली, "आणि हातातून भांडं सुटतं. तुझंही चित्त ठिकाणावर नाही बाई अजून." तिनं माझा खांदा थोपटला. मग लाकडी चमचा आणून वरचा, मातीला न लागलेला गर वाडग्यात भरायला लागली. वर्षभराची मेहनत कोण टाकून देईल? मी म्हटलं, काचा असतील, टाक. ती म्हणाली, काचा कसल्या, खापऱ्या तर आहेत, वेचते. वाडगा भरला, तिनं तो सालोमीच्या हातात देऊन आत पाठवला.

मी तिथे उभी होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही, कारण त्या वाक्यात सालोमीबरोबर युलीही होती. आणि बाबाही होते.

तीन आठवड्यांनी टोबायस दारात गाडी थांबवून मोठ्या खुशीत सांगत होता की रोझिनाच्या जिवाला चैन नव्हती आणि डोंगरापलीकडे तिच्या सासूच्या बहिणीकडे पक्ष्याची एक बरणी होती, ती त्यानंच आणून दिली. "तुझ्या हातून सुटलेलं पाखरू मी परत पिंजऱ्यात घातलं," तो म्हणाला. मी पाय ओले करत ओढ्यातूनच गेले.

रोझिना अंगणात कढई ढवळत होती. पक्ष्याची बरणी धुऊन उन्हात पालथी घातली होती.

"रोझिना, त्यात शिसं आहे."

"हेल्विगच्या बरणीत? त्यापेक्षा पाद्र्याच्या कपाटात दारू आहे म्हण, लवकर पटेल."

मी सगळं सांगितलं. ओली लाकडं, पाझरलेल्या फळ्या, माळ्यावरचं पिंप, बाबांचं शेवटचं वाक्य. मी कुणाकडे कशी खोटं बोलले तेही. ती ढवळत राहिली, गर खाली लागू नये म्हणून. मी सालोमीच्या हिरडीचं सांगितलं. मग थांबले. युलीचं नाव मी घेतलं नाही.

चमचा थांबला.

"युली कडेचं चाटायची," रोझिना म्हणाली. "बरणीला लागलेलं. ते जास्त गोड असतं म्हणायची. मीच द्यायची तिला, बोटावर काढून."

कढईतून जळका वास यायला लागला होता.

"पक्षी काढलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"काढला तेव्हा नाही. विकायला निघाल्या तेव्हा होतं."

"म्हणजे सालोमीच्या बाप्तिस्म्याच्या आधी."

"हो."

"आणि त्या रात्री माझा हात धरून बसलीस."

मी म्हटलं, युलीचा संबंध तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता. ते खरं होतं, आणि सांगून काही उपयोग नव्हता. तिनं घरात जाऊन वाडगा आणला, उरलेला गर आगीत ओतला. वाडगाही टाकला. मग मला जायला सांगितलं.

रविवारी ती बरणी बाबांच्या कबरीवर होती. मातीत पक्की रोवलेली, ठसा आणि पक्षी रस्त्याकडे. चर्चला येणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून गेला. रोझिना दाराशी सालोमीला कडेवर घेऊन उभी होती आणि जो थांबेल त्याला सांगत होती, आवाज न चढवता. माझ्या बाकावर कुणी बसलं नाही.

सोमवारपासून बरण्या यायला लागल्या. मी जाऊन मागण्याची गरज उरली नाही. लोक गाडीतून आणायचे, आमच्या फाटकाशी टाकायचे आणि मागे न बघता जायचे. पक्ष्यांच्या, पानांच्या, नुसत्या ठशाच्या, नऊ वर्षांतल्या सगळ्या. मी एकदा बाहेर जाऊन सांगायचा प्रयत्न केला की पानांच्या चांगल्या आहेत, शिसं फक्त पक्ष्यांच्यात आहे. गिरणीवाल्याची बायको तिथे होती. मी दिलेली नवी बरणी तिनं आणली होती. "बाई," ती म्हणाली, "तू मला आठवण म्हणून सांगितलंस. आता काय म्हणून सांगते आहेस?" आणि ती दगडावर आपटली.

त्या ढिगात मला नऊ पक्षी सापडले. खोटं बोलून दीड महिन्यात आणलेले एकोणतीस, रोझिनाच्या पायरीवर फोडलेला एक, कबरीवरचा एक, आणि हे नऊ. बाबांनी सांगितलेलं काम बहुतेक पुरं झालं. बहुतेक म्हणते, कारण मोजलेल्या नव्हत्या.

टोबायसनं फेरी सोडली. निघताना तो येऊन गेला आणि म्हणाला, तू घोडा जुंपताना काहीतरी बोलली होतीस, ते मला तेव्हाच नीट विचारायला हवं होतं. तेवढंच.

बाबांसाठी मी कबरीचा दगड करायला घेतला होता, त्याच राखाडी मातीचा, आमच्यातले कुंभार करतात तसा. नाव कोरलं, सालं कोरली. खाली ठसा उठवायची जागा सोडली होती. ठसा हातात घेऊन बराच वेळ बसले. मग माती सुकून गेली आणि प्रश्न मिटला. भट्टी पुन्हा पेटलीच नाही, त्यामुळे तो अजून कच्चाच आहे.

खापऱ्या मी फाटकापासून ओढ्यापर्यंतच्या चाकोऱ्यांत भरल्या. पाऊस पडला की एखादं अक्षर वर येतं.

एप्रिलमध्ये मी त्या रस्त्याकडे बघत उंबऱ्यात उभी होते. क्लापांची गाय पुढे आणि मागे सालोमी, काठी घेऊन. चालत नव्हती, पळत होती. गाल अजून फिके, पण पायांत जोर होता. मला बघून तिनं हात वर केला आणि फाटकाकडे वळली. खालून रोझिनानं तिला हाक मारली.

मी आत गेले आणि दार लावलं, म्हणजे रोझिनाला दुसऱ्यांदा हाक मारावी लागू नये.